वाचकांचे प्रश्न: १८६० ची ती पहिली ओपन नेमकी कशी झाली?

मागच्या अंकात गोल्फच्या चार मोठ्या स्पर्धांवर एक छोटं टिपण होतं आणि त्यात "ओपन (म्हणजे ब्रिटिश ओपन) ही सगळ्यात जुनी, १८६० पासूनची" एवढी एकच ओळ होती. त्या एका ओळीवर इतकी पत्रं आणि मेसेज आलेत की यावेळचं सगळं पान त्यालाच द्यायचं ठरवलं. मला स्वतःला हा विषय फार जवळचा आहे, त्यामुळे उत्तरं कुठेकुठे लांबलीयेत, सांभाळून घ्या.

प्रश्न (नाशिक, निवृत्त शिक्षक): पहिली स्पर्धा कुठे झाली, कोण जिंकलं आणि किती लोक खेळले? नीट माहिती द्याल का?

देतो सर. तारीख १७ ऑक्टोबर १८६०, जागा स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्यावरचं प्रेस्टविक, एअरशायरमधलं. खेळाडू फक्त आठ! मैदान बारा होलचं होतं (होल म्हणजे सुरुवातीच्या जागेपासून बॉल ज्या खळग्यात घालायचा तिथपर्यंतचा एक टप्पा), त्याच्या तीन फेऱ्या म्हणजे एकूण ३६ होल, आणि सगळं एकाच दिवसात उरकलं. ज्याचे फटके सगळ्यात कमी तो जिंकणार; जिंकला एडिंबराजवळच्या मसलबराचा विली पार्क, १७४ फटक्यांत. दुसरा आला टॉम मॉरिस, ज्याला आज सगळे ओल्ड टॉम म्हणतात, त्याचे १७६.

आता यात गंमत अशी की मैदान टॉम मॉरिसनेच आखलेलं होतं, त्याची देखभालही तोच करायचा, बॉल आणि क्लब (बॉल मारायच्या काठ्या) बनवायचं दुकानही त्याचंच आणि स्पर्धेतला पहिला फटकाही त्यानेच मारला. म्हणजे घरचं मैदान, प्रत्येक खड्डा पाठ. तरी पार्कने पहिल्याच फेरीत ५५ केले, मॉरिसचे झाले ५८. दुसऱ्या फेरीत दोघांचेही ५९, तिसरीत पार्क ६० आणि मॉरिस ५९. म्हणजे पहिल्या बारा होलमध्ये पार्कने जी तीन फटक्यांची आघाडी घेतली ती मॉरिसला पुढच्या चोवीस होलमध्ये फक्त एकाने कमी करता आली. पार्क तेव्हा २७ वर्षांचा, मॉरिस ३९ चा. पार्क बेधडक खेळायचा, लांब मारायचा आणि पटिंगला, म्हणजे खळग्याजवळच्या हलक्या फटक्यांना, तर कुणाला ऐकायचा नाही. मॉरिस सांभाळून खेळणारा. दोघांचं वैर, म्हणजे खेळातलं हं, त्याआधीपासूनचं, पैज लावून सामने व्हायचे दोघांचे.

प्रश्न (सांगली, कॉलेज विद्यार्थिनी): ही स्पर्धा सुरूच का केली? कुणाच्या डोक्यातून आली?

एका माणसाच्या मृत्यूमुळे, असं म्हटलं तरी चालेल. स्कॉटलंडच्या पूर्व किनाऱ्यावर, सेंट अँड्र्यूजला ॲलन रॉबर्टसन नावाचा खेळाडू होता, त्या काळात सगळे एकमुखाने मानायचे की याच्यासारखा दुसरा नाही. १८५८ मध्ये सेंट अँड्र्यूजच्या ओल्ड कोर्सवर त्याने ७९ केले होते, तिथे ८० च्या आत पहिल्यांदा कुणी गेलं ते तेव्हा. तो सप्टेंबर १८५९ मध्ये वारला आणि मग सरळ प्रश्न उभा राहिला की आता नंबर एक कोण? पार्कवाले म्हणायचे पार्क, मॉरिसवाले म्हणायचे मॉरिस. पैजेच्या सामन्यात आज हा जिंकणार उद्या तो, त्यातून निकाल लागत नाही.

प्रेस्टविक क्लब तेव्हा अगदी नवा होता, १८५१ चा. त्याचे दोन मोठे आधारस्तंभ म्हणजे अर्ल ऑफ एग्लिंटन आणि कर्नल जेम्स ओगिल्वी फेअरली. या फेअरलीनेच टॉम मॉरिसला सेंट अँड्र्यूजहून प्रेस्टविकला आणलं होतं, आणि मॉरिसने पुढे आपल्या एका मुलाचं नावच जेम्स ओगिल्वी फेअरली मॉरिस ठेवलं, एवढा तो संबंध. प्रेस्टविकच्या मंडळींनी १८५७ मध्ये पुढाकार घेऊन क्लबांच्या जोड्यांची स्पर्धा भरवायला लावली होती, सेंट अँड्र्यूजला, नंतरची दोन वर्षं एकेकट्याची झाली, पण ते सगळं हौशी साहेब लोकांसाठी. व्यावसायिकांसाठी काहीच नव्हतं. ते फेअरलीने मनावर घेतलं आणि सगळ्या क्लबांना पत्रं गेली की तुमच्याकडचे माहितीतले, नीट वागणुकीचे कॅडी, म्हणजे साहेबांचं गोल्फचं सामान उचलणारे, पाठवा.

हो, कॅडी! हे मला आवर्जून सांगायचंय कारण आज ओपन म्हटलं की आपल्याला पांढरे कपडे, श्रीमंती, शॅम्पेन असलं काहीतरी दिसतं. पहिल्या ओपनमध्ये खेळलेली माणसं ही साहेबांच्या क्लब उचलणारी, बॉल बनवणारी, गवत राखणारी माणसं होती. विली पार्क स्वतः मसलबरात कॅडीचं काम करूनच मोठा झालेला. आणि आयोजकांचा त्यांच्यावर पूर्ण विश्वास होता असंही नाही, कारण खेळताना प्रत्येक जोडीबरोबर क्लबचा एक माणूस चालत होता, फटके मोजायला, कुणी लबाडी करू नये म्हणून. असंही सांगतात की या लोकांचे कपडे बघून क्लबच्या मेंबरांना अवघडल्यासारखं झालं म्हणून अर्लने आपल्या इस्टेटीवरच्या मजुरांचे जाड चौकड्याचे कोट त्यांना घालायला दिले.

जगातली सगळ्यात जुनी व्यावसायिक गोल्फ स्पर्धा अशा माणसांनी उभी केली आणि आपण नावं घेतो ती अर्लची, कर्नलची. मला हे बरोबर वाटत नाही म्हणून आठही नावं इथे देतो: विली पार्क, टॉम मॉरिस, अँड्र्यू स्ट्रॅथ, पर्थचा रॉबर्ट अँड्र्यू, ब्लॅकहीथचा जॉर्ज ब्राऊन, प्रेस्टविकचाच चार्ली हंटर, आणि ब्रंट्सफील्डचे दोघे, अलेक्झांडर स्मिथ आणि विल्यम स्टील. स्टील शेवटचा आला, २३२ फटक्यांत, म्हणजे पार्कपेक्षा ५८ जास्त. पण सोडून गेला नाही, छत्तीसच्या छत्तीस होल खेळला आणि स्कोअर लिहून दिला. ज्याने कधी एवढं मागे पडून खेळलंय त्याला विचारा शेवटचे बारा होल किती जड जातात ते.

प्रश्न (ठाणे): बारा होल का? गोल्फ तर अठराचं असतं ना?

तेव्हा असा काही नियम नव्हता. जेवढी जागा तेवढे होल. प्रेस्टविकला जागा बेताचीच, एका बाजूला रेल्वे, दुसऱ्या बाजूला समुद्राकडच्या वाळूच्या टेकड्या, त्यात मॉरिसने बारा होल बसवले आणि ते एकमेकांना छेदत जायचे. म्हणजे तुम्ही एका होलकडे मारताय आणि समोरून दुसरी जोडी आडवी चाललीये. आठच खेळाडू होते म्हणून निभावलं.

पहिला होल ५७८ यार्डांचा, साधारण सव्वापाचशे मीटर. त्या वेळच्या बॉलने आणि हिकरीच्या लाकडी दांड्याच्या क्लबने एवढं अंतर! दुसऱ्या होलला आल्प्स म्हणतात, कारण मधे वाळूची उंच टेकडी येते आणि पलीकडचं ग्रीन, म्हणजे खळग्याभोवतीची आखूड गवताची जागा, दिसतच नाही, अंदाजाने टेकडीवरून मारायचं आणि मग धावत जाऊन बघायचं बॉल कुठे पडला. हा होल आजही आहे तिथे, आता तो सतरावा आहे. अठरा होल प्रेस्टविकला १८८० च्या दशकात झाले.

आणखी एक, टी ऑफ करायला, म्हणजे होलचा पहिला फटका मारायला, वेगळी जागा नसायची. आत्ता जो होल संपवला त्याच्याच बाजूला थोड्या अंतरावर चिमूटभर वाळूची ढिगुळी करायची, त्यावर बॉल ठेवायचा आणि मारायचा. गवत कापायला मशीन नव्हतं, मेंढ्या चरायच्या. आणि बॉल जिथे जसा पडेल तसा खेळायचा. आजच्या टीव्हीवरच्या गालिच्यासारख्या ग्रीनवर ५५ आणि त्या मैदानावर ५५ यात फार फरक आहे, हे लक्षात ठेवून पार्कचा स्कोअर वाचा.

प्रश्न (पुणे, गोल्फ शिकणारा वाचक): १७४ म्हणजे पारपेक्षा किती जास्त?

पार म्हणजे चांगल्या खेळाडूला लागावेत तेवढे फटके, आणि १८६० ला गोल्फमध्ये पार नव्हताच! ती कल्पना दहा वर्षांनी आली आणि तीही याच मैदानावर. १८७० च्या ओपनच्या वेळी डोलमन नावाच्या एका हौशी खेळाडूने डेव्हिड स्ट्रॅथ आणि जेमी अँडरसन या दोन व्यावसायिकांना विचारलं की एकही चूक न करता खेळलं तर प्रेस्टविकची फेरी कितीत होईल, ते म्हणाले ४९. डोलमनने त्याला पार म्हटलं, शेअर बाजारातला शब्द उचलून.

आता हिशोब बघा. तीन फेऱ्यांचे ४९ प्रमाणे १४७. म्हणजे त्या मापाने पार्क पारच्या वर २७. आणि १८७० ला तिथेच, तेवढ्याच ३६ होलमध्ये टॉम मॉरिसचा मुलगा, यंग टॉम, किती खेळला माहितीये? १४९. फक्त दोन वर! पहिल्या ओपनच्या विजेत्यापेक्षा २५ फटके कमी, दहा वर्षांत. त्याच स्पर्धेत त्याने तो ५७८ यार्डांचा पहिला होल तीन फटक्यांत संपवला. मी हे कितीही वेळा वाचलं तरी थक्क होतो. तुम्ही शिकताय ना, तुमच्या कोचला सांगून बघा की गटापर्चाच्या, म्हणजे झाडाच्या चिकाच्या, बॉलने ५७८ यार्ड तीनमध्ये, काय म्हणतात ते कळवा मला.

प्रश्न (नागपूर): गटापर्चा हा शब्द तुमच्या मागच्या टिपणात होता. म्हणजे नक्की काय? बॉल कशाचे असायचे?

हे सांगायला मला आवडेल कारण ही स्पर्धा होऊ शकली यात या बॉलचा मोठा हात आहे. आधी असायचे पिसांचे बॉल. चामड्याचे तुकडे ओले करून शिवायचे, एक छोटं भोक ठेवायचं, त्यातून हॅटभर उकडलेली पिसं छातीच्या जोराने ठासून ठासून भरायची, मग भोक शिवून टाकायचं. सुकल्यावर चामडं आवळतं, पिसं फुगतात आणि दगडासारखा बॉल तयार होतो. दिवसभर राबून कारागिराचे तीनचार बॉल व्हायचे, त्यामुळे किंमत भारी. पावसात भिजला की फुटला. रॉबर्टसन आणि त्याच्या हाताखालचा टॉम मॉरिस दोघेही हेच काम करायचे.

१८४८ च्या सुमाराला गटापर्चा आलं, मलायाकडच्या झाडांचा चीक, वाळला की कडक होतो. गरम पाण्यात टाकायचं, मऊ झालं की हाताने गोल वळायचं, गार पाण्यात टाकायचं, झाला बॉल. बिघडला तर परत वितळवून नवा. किंमत एकदम खाली. रॉबर्टसनला आपला धंदा बुडतो असं वाटलं, त्याने मॉरिसकडून वचन घेतलं की हा बॉल वापरायचा नाही, आणि एकदा मॉरिस खेळताना पिसांचे बॉल संपले म्हणून समोरच्याने दिलेला गटापर्चाचा बॉल वापरत होता ते रॉबर्टसनने पाहिलं. तिथून दोघांचं फाटलं. त्यानंतरच मॉरिस प्रेस्टविकला गेला.

आणि हो, सुरुवातीला हे गुळगुळीत बॉल हवेत जाऊन मधेच खाली पडायचे. खेळून खेळून त्यावर क्लबचे ओरखडे उठले की मात्र सरळ लांब जायचे. ते लोकांच्या लक्षात आलं आणि मग नवीन बॉलवर मुद्दाम हातोडीने खुणा ठोकायला लागले. आजच्या बॉलवर जे बारीक खळगे असतात त्याची सुरुवात ही अशी. कुठल्या लॅबमध्ये नाही, कॅडींच्या निरीक्षणातून.

प्रश्न (कोल्हापूर): जिंकणाऱ्याला बक्षीस किती मिळालं?

पैसे? एक पेनीसुद्धा नाही. मिळाला एक पट्टा, कंबरेचा. लाल मोरोक्को चामड्याचा, त्यावर चांदीचं नक्षीकाम, अर्ल ऑफ एग्लिंटनने दिलेला, किंमत २५ पौंड. तुम्ही कोल्हापूरचे, तुम्हाला समजावायला नको, आपल्याकडे महाराष्ट्र केसरीला चांदीच्या गदेचा जो मान तोच तिथे त्या पट्ट्याचा. पण तो पट्टा घरी न्यायचा तर जामीन द्यावा लागायचा की सांभाळीन आणि पुढच्या वर्षी परत आणून टेबलावर ठेवीन, नाहीतर तो क्लबच्या खजिनदाराकडेच. सलग तीन वर्षं जिंकला तर मात्र कायमचा तुमचा.

पहिल्यांदा रोख रक्कम आली १८६३ ला, दहा पौंड, आणि तीही दुसऱ्या, तिसऱ्या, चौथ्या नंबरला वाटून! जिंकणाऱ्याला पट्टा मिळालाय ना, मग पैसे कशाला, असा विचार. विजेत्याला रोख मिळायला लागली १८६४ पासून, सहा पौंड. २०२५ ला विजेत्याला ३१ लाख डॉलर मिळाले. खेळाडूंचं पोट मग भरायचं कशावर तर कॅडीचं काम, बॉल आणि क्लब विकणं, साहेबांना शिकवणं आणि पैजेचे सामने. पैजेच्या सामन्यात मोठी रक्कम असायची, पण पैसा लावणारे दुसरेच, खेळाडूला त्यातला वाटा. म्हणून मला वाटतं की त्या दिवशी प्रेस्टविकला जे आठ जण आले ते नावासाठी आले. रॉबर्टसननंतर कोण, याच्या उत्तरात आपलं नाव असावं म्हणून.

प्रश्न (डोंबिवली): पहिल्या वर्षी फक्त व्यावसायिकच होते तर मग ओपन कसली?

बरोबर पकडलंत. १८६० ची स्पर्धा सगळ्यांना खुली नव्हतीच. दुसऱ्या वर्षी, १८६१ ला, फेअरलीने जाहीर केलं की आता ही स्पर्धा सगळ्या जगाला खुली, हौशी लोकांनीही यावं. त्यामुळे काही जण काटेकोरपणे म्हणतात की खरी पहिली ओपन १८६१ ची. मला हा वाद पटत नाही. पट्टा तोच, मैदान तेच, नियम तेच आणि विजेत्यांच्या यादीत पहिलं नाव पार्कचंच आहे. १८६१ ला मात्र मॉरिसने हिशोब चुकता केला, १८६२ लाही तोच. पुढे १८६४ आणि १८६७ मिळून त्याच्या चार झाल्या, १८६७ ला तो ४६ वर्षांचा होता आणि त्याच्याहून मोठ्या वयाचा विजेता ओपनला अजून मिळालेला नाही. पार्कच्याही चारच, १८६०, १८६३, १८६६ आणि १८७५. दोघांची बरोबरी! पार्कच्या घराण्यात तर भाऊ मंगो १८७४ ला जिंकला आणि मुलगा विली ज्युनियर १८८७ आणि १८८९ ला.

प्रश्न (औरंगाबादहून एक वाचक): ट्रॉफी म्हणून चांदीचा जग देतात, तो पट्टा कुठे गेला?

यंग टॉमने जिंकून नेला. १८६८, १८६९, १८७० अशी सलग तीन वर्षं, त्यातल्या पहिल्या वेळी त्याचं वय १७! नियमाप्रमाणे पट्टा त्याचा झाला आणि प्रेस्टविककडे द्यायला काही उरलंच नाही. नवीन ट्रॉफी कुणी करायची यावर ठरेना, म्हणून १८७१ ला स्पर्धाच झाली नाही. मग प्रेस्टविक, सेंट अँड्र्यूजचा आर अँड ए आणि एडिंबराची ऑनरेबल कंपनी अशा तीन क्लबांनी मिळून नव्या ट्रॉफीचा, म्हणजे त्या चांदीच्या जगाचा, खर्च वाटून घेतला आणि ठरवलं की आलटूनपालटून तिन्हीकडे खेळवायची. १८७२ ला परत यंग टॉमच जिंकला पण तो चांदीचा जग तयार झाला नव्हता, त्यामुळे त्या ट्रॉफीवर पहिलं नाव त्याचं कोरलंय आणि हातात पहिल्यांदा मिळाला तो १८७३ च्या विजेत्याला, टॉम किडला. पट्टा पुढे मॉरिसच्या नातवंडांनी आर अँड एला दिला.

प्रश्न (मुंबई): आपल्याकडचं कुणी या स्पर्धेत चमकलंय का?

२०२३ ला रॉयल लिव्हरपूलला शुभंकर शर्मा संयुक्त आठवा आला, ओपनमधली भारतीयाची आजवरची सगळ्यात चांगली कामगिरी. मराठी म्हणाल तर पुण्याचा उदयन माने टोकियो ऑलिम्पिकला खेळला, ते ओपन नाही पण आपल्याला अभिमान वाटायलाच हवा. आणि खेळ आपल्याकडे नवा नाही बरं का, कलकत्त्याचा रॉयल क्लब १८२९ चा आहे, म्हणजे प्रेस्टविकपेक्षा बावीस वर्षं जुना!

प्रश्न (ग्लासगोहून, मूळच्या रत्नागिरीच्या वाचक): मी इथेच राहते. प्रेस्टविकला बघण्यासारखं काही उरलंय का?

ताई, तुम्ही तर अगदी जवळ आहात, जाऊनच या. ग्लासगोहून एअरकडे जाणारी ट्रेन पकडा, स्टेशन क्लबला अगदी लागून आहे, पहिला होल रेल्वेच्या भिंतीच्या कडेनेच जातो. क्लबहाऊसजवळ दगडांचा एक छोटा स्मारकस्तंभ आहे, पहिल्या ओपनचा पहिला फटका जिथून मारला ती जागा. जुन्या बारापैकी सहा ग्रीन अजून वापरात आहेत. ओपन मात्र तिथे १९२५ नंतर झाली नाही, एकूण २४ वेळा झाल्यावर बंद झाली, कारण त्या वर्षी इतकी गर्दी लोटली की आघाडीवरच्या मॅकडॉनल्ड स्मिथला धड फटका मारायला जागा मिळेना आणि हातातली आघाडी गेली. एवढी माणसं मावतील अशी ती जागा नाहीच. आल्प्सच्या टेकडीवर जाता आलं तर जरूर जा आणि आपल्या पानासाठी दोन फोटो पाठवा, छापू.

पुढच्या अंकासाठी प्रश्न महिनाअखेरपर्यंत पाठवा, गावाचं नाव लिहायला विसरू नका.